कोंडाबाईंचा एकतीस वर्षांचा खंड

एका जंगलात, मुलांनो, एक विद्यापीठ होतं. आधी नुसतं जंगल होतं. मग विद्यापीठ आलं, आणि जंगल थोडं कमी झालं. पण ते जाऊ द्या. पुढे सरकून बसा. तुमच्यातल्या काहींचे गुडघे दुखतात हे मला दिसतंय. तरी मी तुम्हाला मुलांनोच म्हणणार. गोष्ट ऐकायला आलात ना, मग मुलंच तुम्ही. आणि मधेमधे शंका विचारायच्या नाहीत.

तर या विद्यापीठात एक 'निरंतर शिक्षण विभाग' होता. ज्यांचं शिकायचं राहून गेलं, अशा मोठ्या वयाच्या प्राण्यांसाठी तो काढला होता. एका जुन्या उंबराच्या झाडात त्याचं कार्यालय होतं. झाडावर पाटी होती : 'शिक्षणाला वय नसते.' तिच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : 'वयाचा दाखला जोडावा.'

त्याच जंगलात कोंडाबाई नावाची एक साळिंदरीण राहत होती. साळिंदराच्या पाठीवर लांबलांब काळेपांढरे काटे असतात. जुने गळतात, नवे येतात. गळलेल्या काट्याची लेखणी फार छान होते. विद्यापीठातलं सगळं लिखाण कोंडाबाईंच्या काट्यांनीच चालायचं. निकाल, नोटिसा, नापासांच्या याद्या, सगळं. दर महिन्याला त्या काट्यांची एक जुडी भांडारात नेऊन देत.

स्वतः कोंडाबाई तिसरीपर्यंत शिकलेल्या. तिसरीही पुरी नाही. एका वाक्यासाठी राहिली.

त्याचं असं झालं. शाळेत कासवमास्तर होते. जीव लावून शिकवत, पण वाचत फार सावकाश. त्यातच सगळा घोटाळा झाला. त्या दिवशी ते नदीचा धडा वाचत होते.

"आपली नदी डोंगरात उगम पावते," मास्तर वाचत होते. "ती रानातून वाहत येते. मग ती कड्यावरून खाली उडी घेते. आणि मग ती..."

इथे मास्तरांनी श्वास घेतला. कासवाचा श्वास तो, लवकर का संपतोय? तेवढ्यात छोट्या कोंडाचे वडील वर्गाच्या दाराशी आले.

"कोंडे, चल घरी. आई बाळंत झाली. पाच आहेत."

"आबा, एवढं एक वाक्य होऊ द्या."

"वाक्य कुठं पळून जातंय?" आबा म्हणाले.

कोंडा पाटी उचलून घरी गेली. पाच भावंडं सांभाळली. पुढे लग्न झालं. वाक्य मात्र डोक्यात तसंच लोंबकळत राहिलं. आणि मग ती... काय? नदी पुढे कुठे जाते?

त्यांनी पुष्कळांना विचारलं. वर्गातल्या सशाला विचारलं, तर तो म्हणाला, "तो धडा परीक्षेला नव्हता." नवऱ्याला विचारलं. नवऱ्याचं नाव महिपती. तो म्हणाला, "जाते कुठे म्हणजे? जाते!" सासूबाई म्हणाल्या, "नदीचं राहू दे, चुलीवरचं बघ."

तुम्ही म्हणाल, मग काठाकाठानं चालत जाऊन का नाही पाहिलं? शंका विचारू नका म्हटलं होतं मी. पण सांगतो. एक तर सवड नव्हती. आणि दुसरं म्हणजे, कोंडाबाईंची अशी पक्की समजूत होती की धड्यातलं वाक्य धड्यातच पुरं होतं. शाळेत अर्धं राहिलेलं शाळेतच जाऊन घ्यायचं. रानात भटकून कुणी वाक्य पुरं करतं का? तुम्ही हसू नका. तुम्हीही असंच मानत आलात.

पुढे अभ्यासक्रम बदलला. नदीचा धडा तिसरीतून काढला आणि पाणी घालून वाढवला. निरंतर शिक्षण विभागात त्याचा 'नदी परिचय प्रमाणपत्र अभ्यासक्रम' झाला. मुदत सहा महिने. ही बातमी कोंडाबाईंना कळली त्या दिवशी त्यांच्या हातून भाजी करपली. मुलं मोठी होऊन आपापल्या बिळांत गेली होती. त्यांनी काटे नीट बसवले, शाळा सोडल्याचा दाखला पानात गुंडाळला आणि निघाल्या.

"आता या वयात शिकून कुणाला पत्रं लिहिणार आहेस?" महिपतीनं विचारलं.

"पत्र नाही लिहायचं. एक वाक्य ऐकायचंय," कोंडाबाई म्हणाल्या.

उंबराच्या खोडात एक उभी फट होती. फटीवर 'प्रवेश' असं लिहिलं होतं. फटीतून एक मोठी पिवळी चोच बाहेर आली होती. चोचीमागे धनेशबाई बसत.

धनेश पक्ष्यांत एक रीत आहे. ती मी बनवलेली नाही. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते. ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून घेतात. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवतात. पिल्लं मोठी झाली की चिखल फोडून बाहेर यायचं. या धनेशबाईंची पिल्लं केव्हाच मोठी होऊन उडून गेली होती. पण फोडायचं राहून गेलं. मग आयती खिडकी आहेच, म्हणून विद्यापीठानं त्यांना तिथेच नोकरी दिली. त्याला बावीस वर्षं झाली.

"काय पाहिजे?" चोचीनं विचारलं.

"शिकायचंय."

चोचीनं अर्ज पुढे सरकवला. कोंडाबाईंनी तो जमेल तसा भरला. शेवटच्या ओळीत 'शिकण्याचे कारण' असं होतं. तिथे त्यांनी लिहिलं : 'नदी पुढे कुठे जाते हे कळावे म्हणून.' चोचीनं कागद आत ओढला आणि टकटक करत एकेक गोष्ट तपासली.

"वयाचा दाखला आहे. शाळा सोडल्याचा आहे. सोडण्याचं कारण, भावंडे. ठीक. खंडाचं प्रतिज्ञापत्र कुठाय?"

"ते काय असतं?"

"शाळा सोडून किती वर्षं झाली?"

"एकतीस."

"म्हणजे तुमच्या शिक्षणात एकतीस वर्षांचा खंड आहे. त्या काळात तुम्ही काय केलंत, हे शपथेवर लिहून द्यायचं. घाबरू नका, छापील मिळतं. खाली सही ठोकली की झालं."

कोंडाबाईंनी छापील कागद हातात घेतला. अक्षर जुळवत जुळवत वाचला. 'मी शपथेवर लिहून देते की, शाळा सोडल्यापासून आजपर्यंत मी कोठेही शिकले नाही, कोणतेही काम केले नाही व काहीही केले नाही.'

"काहीही नाही?" त्यांनी विचारलं.

"तसाच मसुदा आहे."

"पण बाई, हे खोटं आहे."

"सगळे करतात सही."

हे खरं होतं. कोंडाबाईंच्या मागे रांगेत एक कोल्हा उभा होता. गेल्या बारा वर्षांत त्यानं तीन पतपेढ्या बुडवल्या होत्या आणि एका म्हाताऱ्या हरणाचं कुरण नावावर करून घेतलं होतं. त्यानं पुढे होऊन कागद घेतला. 'काहीही केले नाही' यावर झोकात सही केली. त्याला त्याच दिवशी 'व्यावसायिक नीतिमत्ता' या पदविकेला प्रवेश मिळाला. सही त्यानं कोंडाबाईंच्याच काट्यानं केली.

कोंडाबाई कागदाकडे बघत उभ्या राहिल्या.

"खोटी शपथ घेऊ नये, हे मास्तरांनी दुसरीत शिकवलं," त्या म्हणाल्या. "दुसरी माझी पूर्ण झालीये."

बावीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं.

"मग दुसरा मार्ग आहे," चोच म्हणाली. "केलं असेल, तर पुरावा जोडा. वर्षाला एक दाखला. ज्याचं काम केलं त्यानं लिहून द्यायचा. एकतीस वर्षं, एकतीस दाखले. आणि चार वाजता येऊ नका. चार वाजता चहा असतो."

कोंडाबाईंना वाटलं, हे तर सोपं आहे. केलेलंच तर लिहून आणायचंय.

पहिल्यांदा त्या धाकट्या भावाकडे गेल्या. पाच भावंडांतला हा सर्वांत नाव काढलेला, धोंडिबा. आता तो सहकारी कंदमुळे संघाचा चेअरमन होता. त्यानं बहिणीला पाटावर बसवलं, रताळं दिलं.

"तू सांभाळलंस, अक्का, हे मी कधी विसरणार नाही," धोंडिबा म्हणाला. "पण लिहून द्यायचं म्हणजे जरा अडचण आहे. माझ्या गौरवग्रंथात 'कुणाच्याही आधाराशिवाय वर आले' असं छापलंय. पाचशे प्रती निघाल्यात."

"मग राहू दे," कोंडाबाई म्हणाल्या.

"राहू दे कसं? 'अधूनमधून लक्ष दिले' असं लिहितो. चालेल?"

याच भावाला त्यांनी पहिल्या थंडीत पोटाशी धरून झोपवलं होतं. तेव्हा त्याला काटेही फुटले नव्हते. परत येताना कोंडाबाईंना ते आठवलं, आणि फार वाईट वाटलं. दाखला त्यांनी तरी जपून पानात ठेवला.

मग नवऱ्याकडून घरकामाच्या वर्षांचा दाखला घ्यायचा होता. महिपती माणूस, म्हणजे साळिंदर, वाईट नव्हता. त्यानं खूप आठवून पाहिलं. कधी कोणतं काम चाललेलं त्यानं पाहिलंच नव्हतं. शेवटी त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं : 'आमच्या घरी सर्व कामे आपोआप होत असत.'

सासूबाईंच्या आजारपणाची चार वर्षं होती. चार वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि कोंडाबाईंनी त्यांचं सगळं केलं होतं.

"त्यांचा अंगठा आणा," खिडकीतून चोच म्हणाली.

"त्या वारल्या."

"मग मृत्यूचा दाखला जोडा. पण वर लोक विचारतील, एवढी सेवा केली तर वारल्या कशा?"

"वय झालं होतं हो त्यांचं."

"तसं लिहून आणा," चोच म्हणाली. कोंडाबाईंनी आणलं.

वणव्याच्या वर्षाला मात्र भरपूर साक्षीदार होते. त्या उन्हाळ्यात रान पेटलं तेव्हा कोंडाबाईंनी स्वतःचं बीळ रातोरात रुंद केलं आणि अकरा ससे आत घेतले. ससे दाखला द्यायला एका पायावर तयार झाले. पण त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागत होती, आणि देणाऱ्यानं जातीनं समोर हजर राहायचं होतं. जंगलात राजपत्रित अधिकारी एकच. बिबट्यासाहेब.

अकरा ससे एकमेकांकडे बघायला लागले.

"मी येते बरोबर," कोंडाबाई म्हणाल्या.

त्या पुढे, मागे अकरा ससे, असे सगळे बिबट्यासाहेबांच्या कचेरीत गेले. साहेबांनी सशांकडे बघून जिभेनं ओठ पुसले. तेवढ्यात त्यांना कोंडाबाई दिसल्या. आठ वर्षांपूर्वी कोंडाबाईंचा एक काटा साहेबांच्या नाकात दीड महिना होता. साहेबांनी न वाचता सही केली. अकरा ससे गेले आणि अकराच्या अकरा परत आले. त्या कचेरीच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं.

उरलेल्या वर्षांसाठी काट्यांच्या जुड्या होत्या. कोंडाबाईंना वाटलं, हे काम तर खुद्द विद्यापीठाचंच. पण भांडारात एक जाडा उंदीर होता. तो म्हणाला, "काटे तुम्ही दिलेत, मान्य. पण ते गळलेले होते. गळणं म्हणजे काही काम नव्हे."

"जुड्या बांधून, डोक्यावर घेऊन मी आणल्या ना?"

"तसं असेल तर 'वाहतूक' म्हणून देतो," उंदीर म्हणाला, आणि त्यानं काटा शाईत बुडवला.

असे हेलपाटे घालता घालता चार वर्षं गेली. दरम्यान कोल्हा नीतिमत्तेत पहिला आला आणि त्याचा पदवीदान समारंभही झाला. कोंडाबाई मात्र दर आठवड्याला खिडकीशी येत. येताना चार वाजायचे टाळत. हळूहळू चोचीची आणि त्यांची ओळख झाली. धनेशबाई कधी विचारत, "बाहेर आज ऊन कसंय?" कोंडाबाई सांगत. मग धनेशबाई म्हणत, "हं." आणि पुढचा कागद घेत.

एके दिवशी धनेशबाईंनी सगळा गठ्ठा मोजला.

"तीस झाले. पण बाई, आता यात आणखी चार वर्षांची भर पडली. या चार वर्षांत काय केलंत?"

"दाखले गोळा केले."

"त्याचा दाखला?"

कोंडाबाईंनी गठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

"चालेल," धनेशबाई म्हणाल्या. नियमात बसत होतं की नाही, कोण जाणे. "एकच राहिला. तेविसाव्या वर्षाचा."

तेविसाव्या वर्षी कोंडाबाईंची लेक सोनकी बाळंतपणाला माहेरी आली होती. ती जगेल की नाही अशी परिस्थिती होती. कोंडाबाईंनी वर्षभर तिला आणि तिच्या पिल्लाला सांभाळलं. सोनकीला दिलं होतं लांब, कड्याच्या खाली, नदीच्या काठाकाठानं पाच दिवसांच्या वाटेवर. कोंडाबाई तिच्या घरी कधी गेल्या नव्हत्या. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, अशी त्यांच्यात रीत होती. आणि ज्या घरी पाणी प्यायचं नाही तिथे पाच दिवस चालून कोण जाणार? पण आता दाखला हवा होता. त्या निघाल्या.

कड्यापर्यंतची नदी त्यांच्या ओळखीची होती. कड्यावरून ती उडी घेत होती, अगदी मास्तरांनी वाचलं होतं तशी. कोंडाबाई घसरत, धडपडत कडा उतरल्या. खाली नदी पुन्हा नीट चालायला लागली. दोन दिवस त्या तिच्यासोबत चालल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर नदी नाही.

पुढे नुसती वाळू होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरडी, पांढरी, तापलेली वाळू. कोंडाबाई मटकन खाली बसल्या. पस्तीस वर्षं ज्या वाक्यासाठी जीव टांगणीला लागला, त्याचा शेवट हा? आणि मग ती... संपते? त्यांना रडू आलं. लहानपणी वर्गातून उठवून आणलं तेव्हा आलं नव्हतं, ते आता आलं.

पण मुलांनो, रडून झाल्यावर तहान लागते. लेकीचं गाव दिसू लागलं होतं. तिथे पाणी प्यायचं नाही. म्हणजे जे काय प्यायचं ते इथेच. कोंडाबाई पडल्या साळिंदर. त्यांनी उकरायला सुरुवात केली. हातभर उकरलं, वाळू गार लागली. दोन हात उकरलं, ओल लागली. आणखी थोडं उकरलं, तर पाणी. साचलेलं नव्हतं ते, वाहत होतं. खड्ड्याच्या एका बाजूनं येत होतं आणि दुसऱ्या बाजूनं पुढे जात होतं.

कोंडाबाई पोटभर प्यायल्या. मग तिथेच खड्ड्याच्या काठावर बसून त्यांनी बराच वेळ त्या पाण्याकडे पाहिलं. वर काही दिसत नव्हतं, पण खाली नदी चालूच होती.

सोनकीच्या घराजवळ वाळू संपत होती. तिथे दगडांतून पाणी वर येत होतं आणि पुन्हा नदी होत होती. गावकऱ्यांनी दगडाला शेंदूर लावला होता.

"आई, पाणी घे," सोनकी म्हणाली.

"प्यायले गं येताना."

"येताना कुठलं पाणी? वाळू आहे सगळी. नदी तर इथं आमच्याकडे उगम पावते."

कोंडाबाईंनी दाखल्यासाठी कागद पुढे केला. सोनकीनं दाखला लिहून दिला. लांबलचक होता, दोन पानं भरून. कोंडाबाईंनी तो वाचला नाही. वाचला असता तर परत निघणं जड झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्या आणखी थोडं पुढे जाऊन आल्या. पुढे ती नदी एका मोठ्या नदीला मिळत होती.

एकतिसावा दाखला लागला आणि अर्ज विभागप्रमुखांकडे गेला. विभागप्रमुख होते वटवाघूळसर. ते कार्यालयात फांदीला उलटे टांगलेले असत. त्यामुळे कुणाचाही अर्ज त्यांना खालच्या ओळीपासून वाचावा लागे. त्यांनी वाचलं, 'नदी पुढे कुठे जाते हे कळावे म्हणून.'

"फार छान! ही जिज्ञासाच आम्हाला हवी असते," सर म्हणाले. "अजून कळलेलं नाही ना?"

इथे कोंडाबाई 'नाही' म्हणाल्या असत्या तर गोष्ट गोड झाली असती. पण त्या दुसरी पास होत्या.

"कळलं," त्या म्हणाल्या. "वाळूखालून जाते. मग वर येते. मग मोठ्या नदीला मिळते."

सरांनी पुस्तक काढलं. तोच तो धडा. त्यांनी वाचलं, "'मग ती कड्यावरून खाली उडी घेते. आणि मग ती वाळूत नाहीशी होते. स्वाध्याय.' बघा. धडा इथे संपतो."

कोंडाबाईंनी ते वाक्य ऐकलं. पस्तीस वर्षांनी एकदाचं ते पुरं झालं.

"पण सर, हे चूक आहे. मी पाणी प्यायले."

"तुम्ही पुढे कशाला गेलात?" सर म्हणाले. "धडा लिहिणाऱ्या सर्वेक्षण पथकाला वाळूपर्यंतचाच प्रवासभत्ता मंजूर होता." मग त्यांनी अर्जावर शेरा मारला. 'अर्जदारास विषय आधीच अवगत आहे, व चुकीचा अवगत आहे. दोन्ही कारणांस्तव अपात्र.'

मूळ कागदपत्रं परत घ्यायला कोंडाबाई खिडकीशी गेल्या. मागे रांग होती. धनेशबाईंनी एकतीस दाखले एकेक करून बाहेर सरकवले. शेवटचा कागद मात्र चोचीतच राहिला.

"खरंच खाली पाणी होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"होतं."

"आणि वर काहीच दिसत नव्हतं?"

"काहीच नाही. मलासुद्धा वाटलं, संपली. उकरलं म्हणून कळलं."

मग कोंडाबाईंनी सगळं सांगितलं. कडा, वाळू, खड्डा, शेंदूर लावलेला दगड. रांगेतले प्राणी पुढे सरकले. कुणी 'लवकर आटपा' म्हणालं नाही. सांगता सांगता चार वाजले. चहा आला आणि तसाच गार झाला.

"किती दिवसांची वाट आहे?" धनेशबाईंनी विचारलं.

"पाच. तुम्ही उडालात तर दोन."

"मला उडता येतं का आता, कोण जाणे."

मग टक असा आवाज आला. पुन्हा टक. सव्वीस वर्षांचा वाळलेला चिखल खपल्या खपल्या होऊन पडायला लागला. त्याबरोबर फटीवरचं 'प्रवेश' पण पडलं. धनेशबाई बाहेर आल्या. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की त्या चांगल्या मोठ्या होत्या. इतकी वर्षं लोकांना त्या फक्त चोचीएवढ्या वाटत होत्या.

त्या दोघी एकोणीस दिवसांनी परत आल्या. धनेशबाई जाताना चालत गेल्या. येताना थोड्या उडाल्या.

कामावर हजर व्हायला गेल्या तर वटवाघूळसरांनी छापील कागद पुढे केला. सेवेत एकोणीस दिवसांचा खंड पडला होता. 'मी शपथेवर लिहून देते की, या काळात मी काहीही केले नाही.' सव्वीस वर्षांत हा कागद धनेशबाईंनी हजारोंना दिला होता. स्वतः पहिल्यांदाच पूर्ण वाचला.

"सही नाही करायची मला," त्या म्हणाल्या.

"मग पुरावा आणा," सर म्हणाले.

कोंडाबाई शेजारीच होत्या. त्यांनी पाठीवर हात नेला आणि एक काटा उपटला. गळलेला नव्हे, चांगला घट्ट बसलेला. दुखलं त्यांना. तो शाईत बुडवून त्यांनी वळणदार नसलेल्या अक्षरात लिहिलं : 'लिहून देते की, या एकोणीस दिवसांत या बाईंनी वाळू उकरली. पाणी लागलं. मी शेजारी होते. कोंडाबाई, इयत्ता तिसरी, धडा पूर्ण.'

सरांनी तो दाखला उलटा वाचला आणि अमान्य केला. देणाऱ्याचं शिक्षण अपुरं होतं.

धनेशबाईंनी तो कागद परत मागून घेतला. घडी करून पंखाखाली ठेवला. आणि कोंडाबाईंना म्हणाल्या, "चला, आज ऊन बरं आहे."

उंबराच्या खोडात आता नुसतंच भोक आहे. अर्ज घ्यायला कुणी नसल्यामुळे विभागात एकही अर्ज प्रलंबित नाही. त्याबद्दल विभागाला पारितोषिक मिळालं. ते कोल्ह्याच्या हस्ते दिलं गेलं. रांगेतले काही प्राणी मात्र घरी परतलेच नाहीत. ते कडा उतरून वाळूकडे गेले म्हणतात. त्यांची कुठे नोंद नाही.

तात्पर्य : मुलांनो, शाळा कधीही अर्ध्यावर सोडू नये. सोडावी लागलीच, तर त्यानंतर जन्मभर काहीही करू नये. केलेल्याचे एकतीस दाखले लागतात. न केलेल्याला एक सही पुरते.